गीझरच्या लाइनवरचा तापलेला जोड: एमसीबी का पडत नाही आणि तपासायचे काय

थंडी सुरू झाली की ग्वाल्हेरमधील कितीतरी घरांत एक तक्रार हमखास निघते. बाथरूमबाहेरच्या गीझरच्या स्विचची पट्टी एका कोपऱ्यात पिवळट-तपकिरी झालेली असते, आंघोळीच्या वेळी तिथून जळकट, क्वचित माशासारखा वास येतो, आणि तरीही बोर्डातील एमसीबी, म्हणजे प्रवाह मर्यादेबाहेर गेला की आपोआप पडून लाइन तोडणारा खटका, एकदाही पडलेला नसतो. एमसीबी पडला नाही त्या अर्थी फारसे काही बिघडलेले नसावे, असे समजून घरातील माणसे तो हिवाळा तसाच काढतात. हा निष्कर्ष चुकीचा आणि धोक्याचा आहे. तो चुकीचा का, हे एकदा लक्षात आले की स्विच का जळला, काय बदलायचे आणि पुढच्या वर्षी तसे होऊ नये म्हणून काय पाहायचे, हे सगळे पुष्कळसे आपोआप उलगडते. टाकीचा गीझर, इन्स्टंट गीझर आणि थेट तोटीशी पाणी तापवणारा विजेचा शॉवर या तिन्हींचा रोग एकच असल्यामुळे खाली जे लिहिले आहे ते तिन्हींना लागू आहे.

आधी तातडीचे सांगतो. आपल्याकडे आज असा वास येत असेल, स्विचची पट्टी गरम लागत असेल किंवा गीझर चालू असताना स्विचमधून चरचर ऐकू येत असेल, तर तो स्विच बंद करायला न जाता कोरड्या हाताने थेट बोर्डातील गीझरचा एमसीबी खाली करावा, आणि तो कोणता हे ठाऊक नसेल तर मेन स्विच बंद करावा. बिघाड बहुतेक वेळा त्या भिंतीवरच्या स्विचमध्येच असतो, आणि जळत आलेल्या स्विचला भार चालू असताना हात लावणे योग्य नव्हे. दुरुस्ती होईपर्यंत ती लाइन बंदच राहू द्यावी. चार दिवस पाणी गॅसवर तापवावे लागले तरी चालेल.

उष्णता किती, त्यापेक्षा ती कुठे

गीझर हे घरातील सर्वांत जास्त वीज ओढणाऱ्या उपकरणांपैकी एक आहे. टाकीच्या गीझरचे एलिमेंट साधारणपणे २ किलोवॅटचे असते, इन्स्टंट गीझरचे ३ किंवा ४.५ किलोवॅटचे, आणि विजेचे शॉवर ५ ते ६ किलोवॅटपर्यंत व त्याच्याही पुढे जातात. वॅटला व्होल्टने भागले की अँपिअर मिळतात. म्हणजे २३० व्होल्टवर २ किलोवॅटला ८.७ अँपिअर, ३ किलोवॅटला १३, साडेचारला १९.६ आणि ६ किलोवॅटला २६ अँपिअर प्रवाह वाहतो. नऊ वॅटचा एलईडी दिवा एका अँपिअरच्या दहाव्या भागाइतकाही प्रवाह घेत नाही. म्हणूनच दिव्याच्या होल्डरमधला ढिला स्क्रू वर्षानुवर्षे कुणाच्या लक्षात येत नाही, आणि गीझरच्या लाइनवरचा तसाच स्क्रू एका हिवाळ्यात प्लॅस्टिक जाळून ठेवतो.

वायर जिथे स्क्रूखाली दाबली जाते त्या जागेला आपण जोड म्हणू. जोडात किती उष्णता निर्माण होईल हे प्रवाहाच्या वर्गाला जोडाच्या रोधाने गुणून काढता येते. नीट आवळलेल्या जोडाचा रोध एका मिलिओमपेक्षा, म्हणजे ओमच्या हजाराव्या भागापेक्षाही कमी असतो. १३ अँपिअरला त्यात ०.१७ वॅट उष्णता निघते, जी धातूला जाणवतही नाही. तोच जोड सैल होऊन त्याचा रोध ०.१ ओम झाला, तर १३ गुणिले १३ गुणिले ०.१ म्हणजे जवळजवळ १७ वॅट निघतात. ६ किलोवॅटच्या शॉवरला, म्हणजे २६ अँपिअरला, त्याच जोडात ६७ वॅटच्या वर उष्णता होते. प्रवाह दुप्पट झाला की उष्णता चौपट होते, हे यावरून ध्यानात यावे. रेडिओ-टीव्ही दुरुस्त करणाऱ्याच्या टेबलावर जो सोल्डरिंग आयर्न असतो तो साधारण २५ वॅटचा असतो, आणि त्याने शिसे-कथिलाचे सोल्डर, जे १८३ अंश सेल्सिअसला वितळते, सहज पाण्यासारखे होते. ढिला स्क्रू म्हणजे स्विचच्या प्लॅस्टिकमध्ये आतून खोवलेला तसलाच आयर्न समजावा.

आता याच्या शेजारी दुसरा हिशेब मांडून पाहावा. बोर्डापासून गीझरपर्यंत १५ मीटर अंतर आहे आणि ४ चौरस मिलिमीटरची तांब्याची वायर टाकलेली आहे असे धरू. फेज आणि न्यूट्रल मिळून ती ३० मीटर होते आणि तिचा एकूण रोध ०.१४ ओमच्या आसपास येतो. १३ अँपिअरला या वायरीतही २४ वॅट उष्णता निघते, म्हणजे आपल्या ढिल्या जोडाहून जास्त. पण ती ३० मीटर लांबीवर पसरलेली असते, दर मीटरला एक वॅटसुद्धा वाट्याला येत नाही, आणि भिंत ती सहज शोषून घेते. जोडात मात्र जवळपास तेवढीच उष्णता तांदळाच्या दाण्याएवढ्या जागेत कोंडलेली असते. एकूण वीज किती वाया गेली हा इथे मुद्दाच नाही. ती कुठे साचली, हा मुद्दा आहे. वीजबिलात या १७ वॅटचा पत्ताही लागणार नाही.

जोड बिघडतो कसा

दोन धातूंचे पृष्ठभाग डोळ्यांना कितीही सपाट दिसले तरी सूक्ष्मदर्शकाखाली ते खडबडीत असतात आणि एकमेकांवर दाबले असता काही उंचवट्यांवरच खऱ्या अर्थाने टेकतात. सगळा प्रवाह त्या मोजक्या टिंबांतून जातो. स्क्रू घट्ट असेल तर उंचवटे चेपले जातात, टिंबे रुंदावतात, रोध कमी राहतो. दाब कमी झाला की टिंबे कमी होतात, आणि उरलेल्यांतून तोच प्रवाह जाऊ लागल्यामुळे ती तापतात. तापलेल्या तांब्यावर ऑक्साइडचा थर चढतो, हा थर तांब्याच्या तुलनेत फार वाईट वाहक असतो, त्यामुळे रोध वाढतो, उष्णता आणखी वाढते आणि आणखी ऑक्साइड तयार होते. गीझर बंद झाला की धातू आकुंचन पावतो, चालू झाला की प्रसरण पावतो, आणि प्रत्येक फेरीत स्क्रूची पकड थोडी थोडी सुटत जाते. हे चक्र एकदा सुरू झाले की आपोआप थांबत नाही; जोड बिघडतच जातो, फक्त सुरुवातीला त्याची गती फार मंद असते.

याची पुढची अवस्था अधिक गंभीर आहे. तांब्याच्या एका ऑक्साइडचा गुणधर्म असा की ते तापले की त्याचा रोध कमी होतो. त्यामुळे प्रवाह सगळ्या थरातून न जाता आधीच तापलेल्या एका बारीक रेषेतून जाऊ लागतो, ती रेषा लालबुंद होते, आणि तिचे तापमान हजार अंशांच्या वर जाऊ शकते. यासाठी मोठ्या प्रवाहाचीही गरज नसते. आवाज नाही, ठिणगी नाही, दिवा लुकलुकत नाही. पट्टीच्या आड एक बिंदू धगधगत असतो आणि गीझरचे पाणी नेहमीसारखे गरम येत असते.

वायरीवरचे पीव्हीसी आवरण साधारणपणे ७० अंशांपर्यंतच्या कायम तापमानासाठी बनवलेले असते. त्याहून जास्त तापमानात ते प्रथम मऊ पडते, मग कडक आणि ठिसूळ होते, पिवळे-तपकिरी पडते, आणि फारच तापले की त्यातून हायड्रोजन क्लोराइड वायू सुटतो. बाथरूमजवळच्या ओलाव्यात त्याचे आम्ल होते आणि ते शेजारच्या तांब्याला व पितळेला खाते. जळक्या स्विचमध्ये हिरवट चट्टे दिसतात ते यामुळेच. म्हणजे जळालेले आवरण पुन्हा जोडाचेच नुकसान करते.

संरक्षण देणाऱ्या उपकरणांना हे दिसत का नाही

एमसीबी फक्त प्रवाह मोजतो. १६ अँपिअरच्या एमसीबीतून १३ अँपिअर जात असतील तर त्याच्या दृष्टीने सर्व ठीक आहे. ढिला जोड हा गीझरच्या रांगेत मध्येच बसलेला जादा रोध असतो, आणि रोध वाढला की प्रवाह कमी होतो, वाढत नाही. ३ किलोवॅटच्या एलिमेंटचा रोध १७.६ ओम असतो, त्यात ०.१ ओमची भर पडली तर १३ अँपिअरचे १२.९७ होतात. म्हणजे जोड जळत असताना एमसीबीवरचा भार किंचित हलकाच होतो. तो पडावा अशी अपेक्षा करण्यात अर्थ नाही.

आरसीसीबी, ज्याला आपल्याकडे अजूनही ईएलसीबी म्हणतात, फेजने गेलेला आणि न्यूट्रलने परत आलेला प्रवाह यांची तुलना करतो आणि ३० मिलिअँपिअरचा फरक पडला तर लाइन तोडतो. शॉक लागण्यापासून तो जीव वाचवतो, म्हणून गीझरच्या लाइनवर तो असायलाच हवा. पण ढिल्या जोडातून गेलेला सगळा प्रवाह न्यूट्रलने परत येत असतो, फरक पडत नाही, त्यामुळे तोही गप्प राहतो. जोड जळून आवरण पूर्ण वितळले आणि फेज कशाला तरी टेकली, की मग तो पडतो. तोवर उशीर झालेला असतो. आर्क ओळखणारी वेगळी उपकरणेही आहेत, पण ती आपल्या घरांत सहसा नसतात, आणि ठिणगी न उडवता धुमसणारा जोड त्यांना ओळखता येईलच असे नाही. तापलेला जोड शोधण्याचे काम शेवटी माणसाच्या नाकावर, डोळ्यांवर आणि वायरमनच्या मीटरवर येऊन पडते.

एमसीबी वारंवार पडतो अशीही एक उलट तक्रार असते, आणि तिचे मूळही कधी कधी जोडातच असते. एमसीबीच्या आत दोन धातूंची एक पट्टी असते, जी प्रवाहाने तापून वाकते आणि खटका सोडते. एमसीबीला लागलेल्या वायरीचा स्क्रूच ढिला असेल तर त्याची उष्णता या पट्टीपर्यंत पोहोचते आणि प्रवाह मर्यादेत असूनही खटका पडतो. अशा वेळी पुष्कळ ठिकाणी सर्रास केला जाणारा उपाय म्हणजे १६ चा एमसीबी काढून ३२ चा बसवणे. भिंतीतली वायर मात्र तीच, अडीच एमएमची (म्हणजे अडीच चौरस मिलिमीटरची) राहते. याहून वाईट दुरुस्ती मला तरी ठाऊक नाही. एमसीबीचे पहिले काम वायरीचे रक्षण करणे आहे; तो वायरीच्या कुवतीपेक्षा मोठा बसवला की त्याला काही अर्थच उरत नाही.

ग्वाल्हेरच्या घरांत हे जास्त का घडते

आपल्या शहराचा उन्हाळा ४५ अंशांना टेकतो आणि बहुतेक वर्षी जानेवारीच्या काही पहाटे पारा ५ अंशांच्या खाली उतरतो. गीझर मार्चमध्ये बंद होतो तो थेट नोव्हेंबरात सुरू होतो. मधले सात-आठ महिने त्या लाइनवर प्रवाहच नसतो; जोड उन्हाळ्यात तापतात, श्रावण-भाद्रपदात बाथरूमच्या भिंतीचा ओलावा पितात आणि शांतपणे ऑक्साइड साठवतात. मग दिवाळीनंतर एका सकाळी त्यांच्यातून एकदम १३ अँपिअर सोडले जातात, आणि तेही घरातील चार जणांच्या आंघोळी ओळीने होईपर्यंत. २५ लिटरची टाकी १५ अंशांवरून ६० अंशांपर्यंत तापवायला २ किलोवॅटच्या एलिमेंटला ४० मिनिटांच्या आसपास लागतात. जोड पुरता तापायला एवढा वेळ भरपूर झाला.

थंडीचा दुसरा परिणाम इन्स्टंट गीझर आणि शॉवरवर होतो. नळाचे पाणी १२ अंशांचे असेल आणि आंघोळीला ४० अंशांचे हवे असेल, तर ३ किलोवॅटचे उपकरण मिनिटाला दीड लिटर पाणीच तेवढे गरम करू शकते. शॉवरखाली उभे राहणाऱ्याला ती धार फारच बारीक वाटते, आणि मग अधिक किलोवॅटचे यंत्र घ्यावे असे मनात येते. ६ किलोवॅटचे घेतले की धार दुप्पट होते, पण आधी पाहिल्याप्रमाणे प्रत्येक जोडातील उष्णता चौपट होते. ब्रिटनमध्ये साडेआठ ते साडेदहा किलोवॅटचे शॉवर घरोघरी असतात. तिथे त्यांना स्वतंत्र लाइन, बहुधा १० चौरस मिलिमीटरची केबल आणि ४०-४५ अँपिअरचा स्विच देतात. एवढे करूनही छतावरच्या दोरी ओढण्याच्या स्विचमधले जोड जळण्याची तक्रार तिथे सवयीची झाली आहे. आपल्याकडे मात्र जुन्या गीझरच्या १६ अँपिअरच्या पॉवर पॉइंटवर, त्याच वायरीवर, नवा मोठा शॉवर लावून देणारे सापडतात. ६ किलोवॅटसाठी किमान ६ एमएमची तांब्याची स्वतंत्र वायर आणि ३२ अँपिअरचा डीपी स्विच (फेज आणि न्यूट्रल दोन्ही एकदम तोडणारा) हवा, आणि तिथे पिन-सॉकेट मुळीच नको, असे माझे स्पष्ट मत आहे.

तिसरे कारण जुन्या वायरिंगचे आहे. शहराच्या लष्कर भागातील दौलतगंजासारख्या जुन्या वस्त्यांतल्या वाड्यांमध्ये, आणि एकेकाळी सरकारी क्वार्टरांमध्येही, ॲल्युमिनियमच्या वायरी टाकलेल्या आढळतात. ॲल्युमिनियमवर हवेत क्षणार्धात ऑक्साइडचा थर चढतो आणि तो वीज जवळजवळ वाहू देत नाही. शिवाय ॲल्युमिनियम दर अंशाला दहा लाखात २३ भाग प्रसरण पावते आणि तांबे १७ भाग, आणि ॲल्युमिनियम दाबाखाली हळूहळू पसरतही जाते, त्यामुळे स्क्रूखालची पकड आपोआप सुटते. त्यात कुणी ॲल्युमिनियमला तांब्याची वायर पीळ देऊन जोडलेली असेल तर ओलाव्यात दोन धातूंमध्ये गंज सुरू होतो. अशा वायरिंगवर दिवे-पंखे चालतील, गीझर चालवू नये. त्याच्यासाठी बोर्डापासून तांब्याची नवी लाइन ओढणे हाच उपाय आहे. वाड्याच्या जाड भिंती फोडायच्या नसतील तर ती बाहेरून पीव्हीसी पाइपातून आणता येते.

इथे एक प्रचलित समज दूर करायला हवा. व्होल्टेज कमी असले की गीझर जास्त करंट ओढतो आणि म्हणून वायरी जळतात, असे पुष्कळ जण सांगतात. मोटारीच्या बाबतीत, म्हणजे पंप किंवा फ्रिजच्या बाबतीत, त्यात तथ्य आहे. गीझरचे एलिमेंट म्हणजे साधा रोध, त्यामुळे व्होल्टेज उतरले की त्याचा प्रवाहही उतरतो: ३ किलोवॅटचा गीझर २०० व्होल्टला ११.३ अँपिअर घेतो आणि २५० व्होल्टला १४.२. म्हणजे पहाटे, वस्तीतला भार कमी आणि व्होल्टेज चढलेले असताना, ढिल्या जोडात उष्णता २३० व्होल्टच्या तुलनेत सुमारे १८ टक्क्यांनी जास्त होते.

स्विच उघडल्यावर काय पाहायचे

हे काम परवानाधारक वायरमननेच करावे, मेन बंद करून आणि टेस्टरऐवजी मीटरने लाइन मृत असल्याची खात्री करून. पण काय पाहायचे हे घरमालकाला ठाऊक असेल तर दुरुस्ती वरवरची होत नाही.

बाथरूमबाहेरच्या २० अँपिअरच्या डीपी स्विचला चार टर्मिनल असतात: फेज येणारी, फेज जाणारी, न्यूट्रल येणारी, न्यूट्रल जाणारी. चौघांपैकी एकाच्याच भोवती प्लॅस्टिक तपकिरी, स्क्रूवर निळसर-काळी झाक, आणि त्याच वायरीचे आवरण टोकापासून पाच-सहा सेंटिमीटरपर्यंत कडक झालेले, पुढे मात्र मऊ आणि मूळ रंगाचे, असे दिसले तर दोष त्या एका जोडाचा आहे. वायर स्वतः ठणठणीत आहे. आवरण लांबवर, पाइपाच्या आतपर्यंत कडक झालेले असेल तर वायरच भाराच्या मानाने बारीक आहे, आणि स्विच बदलून काही साधणार नाही. चारही टर्मिनल स्वच्छ आहेत आणि स्विचचा मध्यभाग जळाला आहे, असे असेल तर आतले संपर्क झिजलेले आहेत. गीझर चालू असताना वारंवार त्या स्विचनेच बंद-चालू केल्याने ते झिजतात. बारकाईने पाहिले की जळालेले प्लॅस्टिक असा स्वतःचा इतिहास सांगते, आणि म्हणून जुना स्विच फेकून देण्याआधी तो उन्हात धरून पाहावा असे मी वायरमनला नेहमी सुचवतो.

न्यूट्रलकडे दुर्लक्ष होते. न्यूट्रल म्हणजे मेलेली वायर, तिचे काय बिघडणार, असे मानून कित्येक मिस्त्री फेजचे स्क्रू आवळतात आणि न्यूट्रल तसेच सोडतात. गीझरच्या न्यूट्रलमधून फेजइतकाच प्रवाह परत येतो, एका अँपिअरनेही कमी नाही, आणि त्यामुळे तिथला ढिला जोड तेवढाच जळतो. बोर्डातील न्यूट्रलच्या पितळी पट्टीवरचे स्क्रू तर वर्षानुवर्षे कुणी पाहिलेलेच नसतात.

वायरीचे टोक स्क्रूखाली कसे गेले आहे, हे सगळ्यांत महत्त्वाचे. आजकालची ४ एमएमची फ्लेक्सिबल वायर ५६ बारीक तारांची असते. भोक लहान वाटले की काही जण त्यातल्या दहा-पंधरा तारा कापून टाकतात. मग उरलेल्या तारांवर सगळा भार येतो. कधी आवरणाचाच थोडा भाग स्क्रूखाली दबलेला असतो आणि स्क्रू तांब्याला न टेकता प्लॅस्टिकवर आवळला जातो. पहिल्या दिवशी तो घट्ट लागतो, प्लॅस्टिक मऊ पडले की सैल होतो. कधी एकाच टर्मिनलमध्ये एक जाड आणि एक बारीक वायर कोंबलेली असते, आणि स्क्रू जाड वायरीवर टेकून राहतो. टोकाला सोल्डर लावून मग आवळणे हे फार काळजीचे काम आहे असे वाटते, पण तेही चुकीचे आहे, कारण सोल्डर दाबाखाली हळूहळू पसरत जाते आणि जोड काही महिन्यांत ढिला होतो. बारीक तारांच्या वायरीला योग्य मापाची लग किंवा फेरूल (सगळ्या तारा एकत्र धरणारी धातूची टोपी) योग्य अवजाराने दाबून बसवावी आणि मग ती टर्मिनलमध्ये घालावी, हीच बरोबर पद्धत आहे. फेरूल मिळाली नाही तर सगळ्या तारांना एकत्र नीट पीळ देऊन, टोक दुमडून घट्ट आवळावे.

गीझर पिन-सॉकेटवर असेल तर सॉकेटच्या आतल्या पितळी पाकळ्या पाहाव्यात. एकदा तापलेल्या पाकळीची स्प्रिंग गेलेली असते आणि ती पिनला पुन्हा कधीच पूर्वीसारखी धरत नाही. पिन काळी पडली असेल तर प्लग आणि सॉकेट दोन्ही एकदम बदलावेत. नव्या सॉकेटमध्ये काळी पिन घातली तर ती नव्या पाकळ्याही खराब करते. गीझरच्या तळाशी झाकणाखाली आणखी एक जोड असतो, तिथे वायर कनेक्टरमध्ये जाते, आणि थर्मोस्टॅटच्या चपट्या क्लिपाही तिथेच असतात. वाफ आणि गळती यांमुळे ही जागा लवकर गंजते. तिकडे कुणी बघत नाही.

दुरुस्ती आणि तिची परीक्षा

जळालेल्या जोडाचा स्क्रू नुसता पुन्हा आवळणे ही दुरुस्ती नव्हे. तापलेल्या तांब्यावर ऑक्साइड बसलेले असते आणि टर्मिनलच्या धातूचा ताठपणा गेलेला असतो, त्यामुळे आवळलेला स्क्रू काही आठवड्यांत पुन्हा ढिला होतो. वायर मागे कापत जावे आणि तांबे जिथे लख्ख व आवरण मऊ लागते तिथून नवे टोक काढावे. स्विच नवा घालावा. कापल्यामुळे वायर आखूड पडली तर तिला तुकडा जोडून, पीळ देऊन, टेप गुंडाळून लांब करू नये. तो टेपाखालचा पीळ म्हणजे पुढच्या हिवाळ्याचा जळका जोड. शक्य असेल तर पाइपातून वायर ओढून घ्यावी, नसेल तर बोर्डापासून अखंड नवी वायर टाकावी. स्क्रू किती आवळायचा याचे माप उत्पादक देतात आणि तेवढ्याच जोराने आवळणारे पेचकस मिळतात. जास्त जोर लावला तर बारीक तारा तुटतात आणि पितळेची आटी जाते, म्हणजे जास्त घट्ट हे नेहमी जास्त चांगले नसते.

काम झाल्यावर वायरमनकडून एक परीक्षा मागून घ्यावी. फार थोडे जण ती आपण होऊन करतात. गीझर पूर्ण भाराने चालू असताना, मीटर एसी मिलिव्होल्टवर ठेवून, स्विचच्या येणाऱ्या आणि जाणाऱ्या फेजमध्ये किती व्होल्टेज पडते ते पाहावे. तसेच न्यूट्रलच्या दोन टर्मिनलांमध्ये आणि एमसीबीच्या वर-खाली. १३ अँपिअरला एका मिलिओमचा जोड १३ मिलिव्होल्ट दाखवतो, तापणारा ०.१ ओमचा जोड १.३ व्होल्ट दाखवतो. शंभरपटीचा हा फरक नजरेतून सुटणे शक्य नाही. चांगल्या स्विचमध्ये आतले संपर्क धरूनही आकडा काही दहा मिलिव्होल्टांत राहतो. ही मोजणी उघड्या जिवंत टर्मिनलांवर होते, म्हणून ती घरच्या माणसाने करू नये, आणि वायरमननेही रबरी हातमोजे घालून करावी.

घरच्या माणसाला करता येण्यासारखे एवढेच: गीझर पंधरा-वीस मिनिटे चालल्यावर कोरड्या हाताची मागची बाजू स्विचच्या पट्टीजवळ न्यावी आणि नंतर हलकेच टेकवावी. किंचित कोमट लागणे चालते. हात मागे घ्यावासा वाटेल इतकी गरम लागली तर ती लाइन बंद करावी. इन्फ्रारेड थर्मामीटर आता स्वस्तात मिळतो आणि पट्टीवर चांगला चालतो, पण चकचकीत पितळ किंवा स्क्रूवर तो खरे तापमान दाखवत नाही, फार कमी दाखवतो. बोर्डातील इतर एमसीबींपेक्षा गीझरचा एमसीबी स्पष्टपणे जास्त तापलेला दिसला तर तिथला स्क्रू पाहून घ्यावा. वीजबिलाच्या मीटरच्या टर्मिनलांना कंपनीचे सील असते. ती जागा तापते किंवा वास येतो असे वाटले तर स्वतः सील न तोडता वीज कंपनीकडे तक्रार नोंदवावी.

ही तपासणी कोजागरीच्या सुमारास, गीझर पहिल्यांदा चालू करण्याआधी, वर्षातून एकदा करून घेतलेली बरी. नवी लाइन टाकली असेल तर महिनाभराने आणखी एकदा सगळे स्क्रू मेन बंद करून तपासावेत, कारण बारीक तारांची वायर पहिल्या काही आठवड्यांत स्क्रूखाली थोडी बसते आणि तेवढी पकड कमी होते. त्या वेळी घेतलेले मिलिव्होल्टचे आकडे तारखेसह बोर्डाच्या झाकणाच्या आतल्या बाजूला पेनाने लिहून ठेवावेत, म्हणजे पुढच्या वर्षी येणारा वायरमन दुसरा असला तरी त्याला तुलना करता येते, आणि १५ चा आकडा ६० वर गेला असेल तर प्लॅस्टिकचा रंग बदलण्याच्या कितीतरी आधी तो स्विच काढता येतो.